सात तारखेचे बाण

अकरा वाजून दहा मिनिटांनी करवत थांबली. कोल्ड रूममध्ये उणे बावीस अंश होते. टेबलावर सतराशे चार क्रमांकाचा बर्फाचा तुकडा उभा चिरून पडला होता.

"बाई, हा उलटा आहे," करवतवाला म्हणाला.

"तुकडा की तू?"

"मी सरळ आहे, घरी विचारा हवं तर. राख बघा."

तिने दिवा जवळ ओढला. बर्फात राखेची करडी रेघ होती. ज्वालामुखीची राख पडते ती एकदम. त्यामुळे रेघेची खालची कड सुरीने कापल्यासारखी असते आणि वरची विरत जाते. इथे सुरीची कड वर होती, बाणाच्या टोकाकडे. बर्फात खोल मारलेल्या बोअरमधून आलेल्या प्रत्येक तुकड्यावर मार्करने बाण काढतात, टोक आभाळाकडे. बाणावर शंका घ्यायची नाही, हा या खोलीतला पहिला धडा.

हे बाण तिच्या वडिलांनी काढले होते. बत्तीस वर्षांपूर्वी हिमचादरीवरच्या छावणीत ते बोअर चालवायचे. चौदा मोसमांत एक तुकडा उलटा नाही, अशी त्यांची ख्याती. बाप काढणार, लेक मोजणार, घरचाच धंदा, अशी विभागात तिची थट्टा व्हायची. तिला ती आवडायची.

तिने आसपासच्या तुकड्यांचे धुळीचे आकडे काढले. थंडीच्या काळातल्या बर्फात धूळ जास्त, उबेच्या काळात कमी. हा बर्फ हिमयुग संपतानाचा, बारा हजार वर्षांपूर्वीचा. सात तुकड्यांत धूळ दर मीटरला, म्हणजे दर तुकड्याच्या सांध्यावर, उडी मारत होती. ऊब आली, मागे हटली, पुन्हा आली, असं विभागप्रमुखांनी त्यावरून लिहिलं होतं. तो निबंध चार वाजता पाठवायचा होता.

तिने सातही तुकड्यांचे आकडे एकेक करून खालचे वर केले. उड्या गेल्या. एकच उतार उरला. ऊब एकदाच आली होती, आणि आली ती परत फिरली नव्हती.

तिने नवे आकडे समोर ठेवले तेव्हा विभागप्रमुख बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सातच? आधीचे, नंतरचे नाहीत?"

"नाहीत. हे सात एकाच दिवशी काढलेले आहेत."

"मग कारण द्या. नुसतं 'चूक झाली' म्हटलं तर परीक्षक उरलेल्या दोन हजारांवरही विश्वास ठेवणार नाहीत. तुमचे वडील आहेत ना? त्यांनाच विचारा."

तुकड्यांच्या पिशव्यांवर बाबांच्या अक्षरात तारीख होती. सात. सकाळपासून तिने ती चार वेळा वाचली असेल. आता पाचव्यांदा वाचली.

आई त्याच महिन्याच्या सहा तारखेला गेली. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. बाबा आले ते दीड महिन्याने. छावणीचा रेडिओ बंद पडला होता, किनाऱ्यावर उतरल्यावरच आपल्याला कळलं, असं ते सांगत आले होते. कुणी वाकडं बोललं की ती हेच उत्तर तोंडावर फेकायची. मामा एकदा म्हणाला, "येणारा येतो." त्या दोन शब्दांवरून ती मामाशी वीस वर्षं बोलली नव्हती.

तिने फोन लावला.

"बाबा, सात तारखेचे तुकडे उलटे आहेत. सगळे."

"हॅट! शक्य नाही." मागे टीव्ही चालू होता. "सगळे?"

"सातच्या सात."

"बोअरमधून निघून पन्हळीत तुकडा आला की वरचं टोक माझ्या डाव्या हाताला. कायम." ते जरा थांबले. "त्या दिवशी मी पलीकडे उभा होतो, ठमे. डाव्याचं उजवं झालं असणार."

"पलीकडे का?"

"रेडिओकडे पाठ करून. सारखं कुणीतरी त्याच्यावरून माझ्याबद्दल विचारत होतं, कसे आहेत, कसे आहेत..."

टीव्ही बंद झाला.

"रेडिओ बंद होता ना, बाबा?"

"चालू होता."

तिने हातातली पिशवी टेबलावर पालथी ठेवली.

"तू एवढीशी होतीस. कळलं होतं आणि आलो नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं तुला? विमानच नव्हतं गं. मोसम संपेपर्यंत एकही नाही. चालत येणार होतो का मी?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. "जेवलात का?"

"जेवतो."

तिने कारण लिहिलं: 'खूण करणारा त्या दिवशी पन्हळीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता.' सात तुकड्यांना ते पुरेसं होतं. विभागप्रमुखांनी वाचून मान हलवली. "छान. पुढच्या दिवशी ते जागेवर परतले, याला आधार जोडा. छावणीची रोजनिशी असेलच."

होती. रोजनिशी पाळीपाळीने लिहायचे. त्या आठवड्याची पाळी बाबांची होती. सात तारखेला एवढंच: 'तुकडे सात. वारा मध्यम.' आठला: 'तुकडे नऊ. नेहमीच्या जागी.' तिला हवं होतं ते मिळालं होतं. नऊ तारखेची नोंदही तिने वाचली, कारण ती त्याच पानावर होती. आणि तिच्याखालची दहाची.

'विमान आलं. डिझेल उतरवलं. एक माणूस नेता येईल, असं वैमानिक म्हणाला. कुणी गेलं नाही. त्या जागेत बर्फाची एक पेटी जास्तीची पाठवली.'

तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाबांचा फोन त्यानंतर दोनदा येऊन गेला. तिने अजून उचललेला नाही.