आप्पासोचं पगारपत्रक

पंच्याण्णवच्या मंदीत विट्याच्या यंत्रमागवाल्यांना सरकारी कर्ज मिळणार होतं. ज्याचा पगारखर्च जास्त, त्याला रक्कम जास्त. सोपाननं आपल्या चार कामगारांच्या पगाराची बेरीज तीन-तीनदा तपासून अर्ज केला, तरी शेजारच्या आप्पासोला त्याच्यापेक्षा मोठं कर्ज मंजूर झालं. माग तेवढेच, कामगार तेवढेच! सोपानचा नुसता जळफळाट झाला. कचेरीत आप्पासोचं पगारपत्रक बघून तो तावातावानं मागावर परतला.

"चोर हाय त्यो! सुताच्या कांड्या भरती म्हणून सोताची बायको कामगार दावलीया. म्हयन्याला सातशे पगार!"

तिथंच कांड्या भरत बसलेल्या सोपानच्या बायकोनं, सुलाबाईनं, मान वर केली.


"चोरी कसली? तिला खरंच मिळतोय पगार. तुमी आज जळाय लागलाय, मी अकरा वर्सं जळतीया."