लालासाहेबांचा बिबट्या

“आता हे कुणाला खरं वाटायचं न्हाई, पर त्या बिबट्यानं मला रामराम घातला,” लालासाहेब म्हणाले आणि मिशीवर हात फिरवून त्यांनी समोर स्टँडवर लावलेल्या मोबाइलकडं रोखून बघितलं.

लाइव्ह सुरू झालं होतं. विकास सोसायटीच्या कट्ट्यावर जमलेली माणसं खुदखुदली. म्हाताऱ्याच्या थापा वाडीला नव्या नव्हत्या. पलटणीत असताना बर्फात चहा असा गोठायचा की सुरीनं कापून वाटून खावा लागायचा, हे त्यांनी वाडीतल्या पोरासोरांना इतक्यांदा सांगितलं होतं, की आता पोरंच त्यांना सांगत.

माइक धरलेल्या संयोगिताला मात्र हसू येईना. उंब्रजच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर ही वाडी. बिबट्या आल्याची आवई उठल्यापासून दिवस मावळला की नदीकडं कुणी फिरकत नव्हतं. पण कुणाची शेळी गेली नव्हती, की कुत्रं गेलं नव्हतं. वनखात्याची माणसं काठ हिंडून गेली, त्यांना पंजाचा एक ठसा मिळाला नाही. नदीतली वाळू तेवढी रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा कमी दिसायची. असला कसला बिबट्या, जो वाळू खातो?

हा प्रश्न तिच्या जिभेवरच होता. पण ती ज्याच्यासाठी बातम्या करायची त्या चॅनलचा मालक जयराज, कराडहून ती निघताना, गाडीच्या काचेत तोंड घालून म्हणाला होता, “म्हातारा बोलंल. तू फक्त माइक धर. मागच्या टायमाला शहाणपणा केलास, मी सांभाळून घेतलं. आज एक जरी प्रश्न इचारलास, तर उद्या यायचं न्हाई.”

आणि लालासाहेबांना खेटून, त्यांच्या खांद्यावर हात टाकून वीरधवल बसला होता. गळ्यात चेन, मनगटात कडं. काठावरचे डंपर त्याचे, आणि चॅनलच्या प्रत्येक बातमीखाली सरकणारी वाढदिवसाची जाहिरातही त्याचीच. “आबा लय भ्यालेत, ताई,” त्यानं तिला आधीच बजावलं होतं. “मधी अडवू नगा. त्यांनी सगळं पाठ...” तो गडबडला. “सगळं डोळ्यानं बघितलंय त्यांनी.”

“आबा, केवढा हुता वं?” गर्दीतून एकानं खडा टाकला.

“केवढा? ह्या सोसायटीच्या दाराएवढा! डोळं पिवळं धम्मक. लांबनं नुसता बघाय लागला, की बाभळीची सावली पार देवळापातुर पडायची.”

हशा पिकला. वीरधवलही हसला. त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर होती. बघणारे वाढत होते.

“आन् डरकाळी?”

“सपाटीला गप असतो. पर काठाचा चढ लागला की गुरगुराय लागतो गड्या. दमतो बिचारा. मागनं काळा धूर सुटतो.”

“धूर?”

“थंडी पडलीया न्हवं. वाफ येती तोंडातनं.”

“तोंडातनं का मागनं, आबा?”

“जनावराचं काय सांगावं!”

माणसं पोट धरून हसली. संयोगिताच्या हातातला माइक मात्र जागच्या जागी थिजला. म्हातारा तिची टिंगल करतोय? का पाठ करून घेतलेलं विसरून आता हाताला येईल ते सांगतोय? तिला तो पहिल्यापासून विकला गेलेला वाटत होता. तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मिशी हलत होती, पण डोळे हसत नव्हते. ते तिच्यावरच खिळले होते.

“पर गुणी जनावर हं,” लालासाहेब तिलाच सांगितल्यासारखे म्हणाले. “शेळ्यांकडं ढुंकून बघत न्हाई. सरळ नदीत उतरतो. येताना पोट रिकामं, नुसतं खडाखडा वाजतंय. जाताना गच्च. पाठ दबलेली, आन् आंगातनं पाणी गळतंय वाटभर. मागं सरायचं म्हटलं, की टीं टीं टीं वरडतो.”

आता कुणी हसलं नाही. मागच्या बाजूला एक बाई खाकरली आणि तिनं पदर तोंडाला लावला. वीरधवलची बोटं म्हाताऱ्याच्या खांद्यात रुतली.

“बास झालं, आबा. धाप लागलीया तुमाला. ताई, बंद करा ते.”

मोबाइलवर वरच्या बाजूला जयराजचा मेसेज पडला. ‘आवर. लगेच.’

एक बोट पुढं केलं असतं तर सगळं मिटलं असतं. ती कराडला परतली असती, उद्या कामावर गेली असती, आणि बिबट्या रोज नदीवर येत राहिला असता. तिनं बोट पुढं केलंही. मग ते मागं घेतलं, आणि दोन्ही हातांनी माइक धरला.

“आबा,” ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. “तुम्ही खोटं बोलताय. बिबट्या तुम्ही बघितलेलाच नाही.”

लालासाहेबांनी वीरधवलचा हात आपल्या खांद्यावरून उचलला आणि सावकाश त्याच्याच मांडीवर नेऊन ठेवला.

“न्हाईच बघितला,” ते म्हणाले. “माझं खरं ह्या वाडीत कोण ऐकतंय, पोरी? म्हणून माझं खोटं धरणारं कुणीतरी पायजे हुतं. आता इचार, ते मला शिकवलं कुणी.”