एकशे सात नकार

“त्यानं नकार दिला,” वॉर्डची मुख्य नर्स लॉर्ना पिअर्ट म्हणाली आणि तिनं तक्ता टेबलावरून पुढे सरकवला. “आमच्या मुली दर दोन तासांनी त्याची कूस बदलायला जात होत्या. तोच नको म्हणायचा.”

बेव्हर्ली हेविटसननं चष्मा लावला. अकरा दिवस, दिवसाला बारा चौकटी. पंचवीस कोऱ्या, उरलेल्या एकशे सात चौकटींत एकच शब्द होता, ‘नकार’. सगळे एकाच निळ्या पेनाचे, एका बैठकीत खरडल्यासारखे.

तिचा मुलगा कॅलम एकतीस वर्षांचा. जन्मापासून हातपाय लुळे. न्यूमोनिया झाला म्हणून त्याला या हॉस्पिटलात आणलं होतं. तो बराही झाला, पण वॉर्डात उलट्या-जुलाबांची साथ आली आणि भेटीला येणाऱ्यांना अकरा दिवस दार बंद झालं. दार उघडलं तेव्हा खाटेपर्यंत पोहोचायच्या आधीच बेव्हर्लीला वास आला. पांघरूण तिनंच उचललं. माकडहाडाजवळ मूठ जाईल एवढा खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी हाड दिसत होतं.

चार महिने झाले, तो घरी कुशीवर पडून आहे. चाकाची खुर्ची बंद, बंदरावर फिरणं बंद. हॉस्पिटलचं पत्र मात्र वेळेवर आलं. ‘आमच्या सेवेबद्दल तुमचा असा समज झाला याचा आम्हाला खेद आहे.’ समज म्हणे! माणसाचं मांस कुजलं आणि यांना खेद कशाचा, तर आईच्या समजाचा.

वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं, “हलगर्जीपणाचा दावा लावता येईल. पण पेशंटनंच मदत नाकारली असं त्यांनी दाखवलं, तर आपण पहिल्याच पायरीवर आपटू. आज त्यांना बोलू द्या. तुम्ही कमी बोला.”

कमी बोलणं बेव्हर्लीच्या स्वभावात नव्हतं. “मी दुकानातून कोंबडी आणली तरी दोनदा उलटून वास घेते,” ती म्हणाली. “तुम्हाला अकरा दिवसांत एक माणूस उलटून बघावासा वाटला नाही?”

“मिसेस हेविटसन, तुमचा राग मी समजू शकतो,” तक्रार विभागाचा गॅविन टुलेट म्हणाला. असल्या लोकांना सगळं समजतं. त्यानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला, क्रीमच्या बिस्किटांची बशीही सरकवली, आणि मधोमध ठेवलेल्या रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे ना ते पाहून घेतलं. इथल्या बैठका ध्वनिमुद्रित होतात, नक्कल घरी पाठवतात. “पण कॅलम सज्ञान आहे. सज्ञान माणूस नको म्हणाला की कायद्यानं आमचे हात बांधले जातात. जबरदस्ती केली असती, तर त्याबद्दलही तुम्ही आम्हाला कोर्टात खेचलं असतं.”

“म्हणजे चूक त्याची?”

“चूक कुणाचीच नाही. निर्णय त्याचा.”

बेव्हर्लीनं तक्ता हातात घेतला. वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचून तिनं तो परत टेबलावर ठेवला. तिला त्या जखमेची किळस आली होती, पण या कागदाची अधिक आली. पू धुऊन काढता येतो.

“शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलंय,” ती म्हणाली. “वाचून दाखवता?”

लॉर्नानं वाचलं. “‘रुग्ण म्हणाला, नको, मी असाच बरा आहे.’”

“हे तुम्ही स्वतः ऐकलंत? की कुणी सांगितलं म्हणून लिहिलं?”

लॉर्नानं टुलेटकडे पाहिलं. टुलेटनं होकारार्थी मान डोलावली. ऐकीव म्हटलं तर तक्ता लंगडा पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“स्वतः ऐकलं,” लॉर्ना म्हणाली. “किती वेळा तरी.”

“ओरडला का तुमच्यावर? शिव्या दिल्या?”

“छे, छे!” आता लॉर्नाला हायसं वाटलं. बाई भांडायची थांबली होती, लेकाची आठवण काढत होती. अशा आयांची तिला सवय होती. “आवाज अगदी मऊ. दरवेळी थँक्यू म्हणायचा. एकदा तर म्हणाला, ‘सिस्टर, तुम्ही किती दमता, माझ्यासाठी त्रास नका घेऊ.’ मला भरूनच आलं.”

“असं म्हणाला?”

“देवाशप्पथ. खरं सांगू? तुम्ही त्याला फार छान वळण लावलंय.”

टुलेटनं समाधानानं एक बिस्किट उचललं. बेव्हर्लीनं रेकॉर्डरकडे एकदा पाहिलं, मग लॉर्नाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी स्वच्छ निघाला.

“नशीबवान हो तुम्ही,” ती म्हणाली. “जन्मापासून मुका आहे माझा कॅलम. एकतीस वर्षांत त्यानं मला ‘आई’सुद्धा म्हटलेलं नाही.”