टेकाडापलीकडे लेक

"पायवाट झाली की चोरांना आयतीच सोय," काका उभे राहून म्हणाले, आणि हॉलमधल्या सगळ्या माना डोलल्या.

मागच्या रांगेत वॉकर पुढ्यात धरून बसलेल्या काकूंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. चारचौघांत दहा वेळा विचारलं तरी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस आज नुसता सुटला होता.

बेत साधाच होता. कॉलनीच्या मागची बाग चढत चढत टेकाडावर जायची आणि पलीकडच्या वस्तीत उतरायची. नगरपालिका तिथून कठडा आणि बाकांसकट चांगली फरसबंद पायवाट काढणार होती. कुणाची हरकत असेल तर ऐकून घ्यायला इंजिनिअर आला होता.

हरकतींना तोटा नव्हता. सेक्रेटरींना झाडांची काळजी. कोपऱ्यातल्या बंगलेवाल्याला भटक्या कुत्र्यांची. दातांच्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "बाकांवर पोरंपोरी येऊन बसतील." काकूंना हसूच आलं. रोज सकाळी चिखल तुडवत फिरायला जाणारी ही बाई. पायवाट हवी म्हणून हिनेच तर वर्षानुवर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं!

काकूंची एकुलती एक लेक टेकाडापलीकडे. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा काकूंनी दारात उभं राहून तिला सुनावलं होतं, "आजपासून तू मला मेलीस." रागाचं तोंड, बोलून गेलं. शब्द मागे घ्यायला जावं म्हणेपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि जायचं ठरवलं तर न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला. काकू दवाखान्यात पडलेल्या असतानाच नात झाली. बातमी काकांनीच आणली. सांगता सांगता ढसाढसा रडले होते बिचारे.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी काठी टेकत टेकाड ओलांडायचे आणि येताना नातीच्या गोष्टी आणायचे. आज पाऊल टाकलं. आज मांजराला 'काकू' म्हणाली. आता पुढचा दात हलतोय. काकू त्या गोष्टी मनात घोळवत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ गाठायच्या.

"मला कधी नेणार?"

"अगं, तिचा राग गेला नाही अजून. मी बोलतोय ना! घाई नको."

"फोटो तरी आणा पोरीचा."

"माझ्या या डबड्या फोनात कुठला आलाय फोटो?"

रिक्षानं जाता आलं असतं. पण काकूंच्या मनानं वेगळंच घेतलं होतं. रिक्षातून उतरलेल्या आईच्या तोंडावर लेक दार लावेलही. वॉकर टेकत, धापा टाकत, टेकाड चढून आलेल्या आईला कोण दार लावील? देवाच्या दारी जावं तसं पायी जायचं होतं त्यांना.

"आणखी कुणाला बोलायचंय?" इंजिनिअरनं विचारलं.

काकू उठल्या. डॉक्टरीणबाईंनी घाईनं त्यांचा हात धरला. "बसा हो काकू, पाय दुखेल."

"दुखू दे. माझाच आहे." काकूंनी हात सोडवला. "मला हवी आहे पायवाट. ह्या सगळ्यांचे पाय धड आहेत, म्हणून यांना वाट नकोय. पलीकडे माझी लेक आहे, साहेब. मरायच्या आत मला माझ्या पायांनी तिच्या दारात जायचंय."

एकानंही काकूंकडे पाहिलं नाही. सेक्रेटरी चष्मा काढून पुसत बसले.

"झालं तर मग," इंजिनिअर म्हणाला. "पायवाट होईल, आजी."

घरी आल्यावर काकूंनी मनातलं सगळं ओकून टाकलं. "चोरांची भीती म्हणे! मी तिथं जायला नको, एवढंच ना? लेक, नात, सगळं एकट्याला हवंय तुम्हाला. आणि या शेजाऱ्यांनाही फितवलंत!"

काका ताटावरून उठले. "तुला वाटायचं ते वाटू दे," एवढंच म्हणाले.

काम चालू होतं तोवर घरात अबोला होता. काका तरीही रोज जात राहिले. फक्त गोष्टी आणणं बंद झालं.

फरशी वाळून वाट अडवणाऱ्या दोऱ्या सुटल्या त्या सकाळी काका अंघोळीला गेले आणि काकू बाहेर पडल्या. बाक दिसला की टेकायचं, देवाचं नाव घ्यायचं, पुन्हा उठायचं. उतार संपला आणि काकांनी सांगितलेलं निळं फाटक दिसलं. पायरीवर एक चिमुरडी बसली होती. हसली तर पुढचा दात नाही!

"दात कुठं गेला गं?"

"पडला. आजोबांना दाखवला मी."

काकूंनी वॉकर सोडला, पोरीला छातीशी घट्ट धरलं. "जा, आईला सांग. म्हणावं, आजी चालत आलीय."

ओले हात पदराला पुसत एक बाई बाहेर आली. काकूंनी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"कोण हवंय?"

"माझी लेक. इथंच राहते ना? ही तिचीच..."

"ही माझी मुलगी." बाईची नजर वॉकरवर गेली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही आजोबांच्या घरून आलात? बसा, आधी बसा तुम्ही."

"माझी लेक कुठाय?"

"आम्ही तेव्हा तिच्या वरच्या मजल्यावर राहायचो, आजी. ती बाळंतपणातच गेली. बाळही राहिलं नाही. तुम्ही दवाखान्यात होतात म्हणे." काकूंचा तोल जाताना पाहून बाईनं त्यांना सावरलं आणि धीर द्यायला म्हणून म्हणाली, "पण एकटी नाही हो गेली. तुमची अख्खी कॉलनी टेकाड ओलांडून आली होती तिला पोचवायला."