लाल निशाण

पलीकडच्या टोकाला चार माणसं खाट घेऊन पुलावर चढताना दिसली, तसं सूर्यभानने लाल निशाण उंच धरलं. माणसं थबकली.

काटेपूर्णेला पूर आला होता. गढूळ पाणी पुलाखालच्या लोखंडी तुळयांना हात लावायला आलं होतं. नाव कालपासून बंद. अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस अडला, तेव्हापासून विलायतेला वऱ्हाडाच्या कापसाची भूक लागली होती, म्हणून तर हा आगगाडीचा पूल उभा राहिला. माणसाने त्यावर पाऊल टाकायचं नाही, असा साहेबाचा हुकूम. तरी राखणदार सूर्यभान अडल्यानडल्याला सोडायचा. पण आता मूर्तिजापूरची कापसाची गाडी केव्हाही येणार होती. गाडी गेली की सोडू, त्याने ठरवलं.

गाडी येईना. पलीकडून कोणीतरी हात हलवून ओरडत होतं. पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नव्हते, पावसात तोंडं ओळखू येत नव्हती. एकदा वाटलं, आपणच धावत जाऊन बघावं. पण वैशाखात याच पुलावर एक मजूर गाडीखाली सापडला होता. त्याला सूर्यभाननेच गोळा केलं होतं. त्याने निशाण खाली केलं नाही.

दिवस कलला तेव्हा गाडी आली. मूर्तिजापुरात गाठी चढवायच्या राहिल्या होत्या, तेवढ्यासाठी ती थांबवून ठेवली होती. ठासून भरलेले डबे खडखडत पार झाले. सूर्यभानने हिरवं निशाण हलवलं.

खाट आली नाही. एकच माणूस चालत आला. जवळ आल्यावर दिसलं, तो धाकट्या बहिणीचा, जमुनाचा नवरा, खुशालराव. तिचे दिवस भरत आले होते.

"जवाईबापू, खाटेवर कोण होतं?"

"मूल आडवं आलं होतं. इकडच्या सुईणीकडं, तानुबाईकडं घेऊन येऊन राहिलो होतो. दोघंबी गेले."

"मले काय माहीत? मले न जुमानता यायचं होतं तुमी."

"निघालोच होतो आमी. गाडीचा पत्ता नव्हता," खुशालराव म्हणाला. "तिनंच माहा हात धरला. म्हणे, तिकडं माहा दादा हाय. तो थांबा म्हणते, त थांबा."