पंपातली पाती

सुगंधाच्या अस्थी खाडीत सोडून हरेश्वर घरी न जाता बोटीपाशी बसला. बायकोला पलीकडच्या दवाखान्यात नेताना भर खाडीत इंजिन तापून बंद पडलं होतं. वल्ह्याची होडी मदतीला येईपर्यंत तिचा श्वास थांबला.

त्याने बोटीच्या मागचं, पाण्यातला पंखा फिरवणारं ड्राइव्ह उघडून पाण्याचा पंप सोडवला. खाडीचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणाऱ्या रबरी इंपेलरची बहुतेक पाती तुटली होती. नळीत अडकलेले तुकडे तो चिमट्याने एकेक वेचू लागला.

“अरे, सुतकात हे काम कशाला काढलंस?” थोरला भाऊ कळवळून म्हणाला.

“शेजारच्या नूतनचे दिवस भरलेत, दादा. बेटावर इंजिनाची दुसरी बोट आहे कुठे?”

नव्या इंपेलरला वंगण लावून, पाती एकाच बाजूला वाकवून त्याने तो बसवला.

दुसऱ्या सकाळी नूतनला कळा सुटल्या. हरेश्वरने तिला एका दमात पलीकडे पोचवलं. इंजिन जराही तापलं नाही.

संध्याकाळी परतल्यावर त्याने अंगणातूनच सवयीने हाक मारली, “अगो, ऐकलंस का? नूतनला मुलगी झाली!”

हाक ऐकून भाऊ धावत बाहेर आला, तेव्हा हरेश्वर पायरीवर बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता.