द्विवचन

पक्षाघातानंतर बोहुमिलच्या मेंदूतून त्याची चेक भाषा पार पुसली गेली होती. ती परत आणण्यासाठी वाचाकेंद्रात त्याला तिची पूर्वज भाषा शिकवत होते, आद्यस्लाव.

"ही कोणी लिहून ठेवलेली नाही," त्याच्या डोक्यावर शिकवणीची टोपी बसवत डॉ. तनुजा म्हणाली. "चेक, रशियन, सर्बियन अशा तिच्या लेकींवरून पंडितांनी जुळवली. मूळ रुजलं, की फांद्या आपोआप फुटतात, कुमुदताई."

कुमुदिनीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. काल 'वाहून नेणे' या क्रियापदाची सगळी रूपं त्याला दिली होती. आज 'जगणे'चं एकच रूप द्यायचं होतं.

"झिवों," तनुजा म्हणाली. "मी जगतो."

"आपलं संस्कृतातलं जीवामि!"

"सख्खी बहीणच ती."

बोहुमिलचे ओठ हलले. "झि... झिवों." मग कुमुदिनीकडे बघत तो सावकाश म्हणाला, "झिवेवे."

तनुजा चमकली. "हे मी दिलंच नव्हतं! कालच्या क्रियापदाचा प्रत्यय यांनी स्वतःहून लावला. ताई, भाषा फुटायला लागली!"

"पण म्हणाले काय?"

"द्विवचन आहे. आपण दोघं जगतो."

कुमुदिनीचे डोळे भरून आले. हे क्रियापद कधीकाळी बोलणाऱ्या आणि ते पुन्हा जुळवणाऱ्या अनोळखी माणसांना तिने मनोमन हात जोडले. मग बोहुमिलच्या कानाशी वाकून तिनेही ते रूप म्हणून पाहिलं.

त्याने हसून तिचा उच्चार सुधारला.